जुन्या फोटोवरून वाड्याच्या दरवाजाचं खरं माप काढता येतं का?

कसब्यातली:
नमस्कार मंडळी. आमचा उत्तर कसब्यात वाडा होता, धाब्याचा, तो पडून बरीच वर्षं झाली आणि जागाही विकली गेली. आता जुळे सोलापुरात घर बांधायला काढलंय आणि बाबांचं एकच म्हणणं आहे, बाकी घर तुमच्या मनासारखं करा पण पुढचा दरवाजा वाड्यासारखाच पाहिजे, सेम टू सेम, गणेशपट्टीसकट (चौकटीची वरची आडवी पट्टी, गणपतीवाली). अडचण अशी की दरवाजाचा एकच फोटो शिल्लक आहे, १९७६ च्या आसपासचा, ब्लॅक अँड व्हाइट, चौकोनी, क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेला. बाबा नवीन सायकल घेतली म्हणून पोज देऊन उभे आहेत, ते पायरीखाली बोळात, सायकल दरवाजाच्या डाव्या बाजूला भिंतीला टेकवलेली आणि मागे दरवाजा, दोन्ही कवाडं बंद.

सुतार म्हणतो माप द्या, नुसत्या फोटोवर मी लाकूड कापत नाही. बरोबरच आहे त्याचं, सागवानाचे भाव बघता. म्हणून मी फोटो नीट स्कॅन करून आणला आणि कॉम्प्युटरवर पिक्सेल मोजले. बाबा ११२० पिक्सेल, दरवाजा ९८५. बाबांची उंची ५ फूट ६ इंच, त्यावरून दरवाजा निघतो ४ फूट १० इंच! एवढा बुटका दरवाजा गोठ्याला असतो. मग भाऊ म्हणाला सायकलच्या चाकावरून काढ, चाक २८ इंची असतंय. चाक भरलं ४१० पिक्सेल, त्यावरून दरवाजा येतो ५ फूट ७ इंच. एकाच फोटोत एकच दरवाजा आणि ९ इंचाचा फरक. काका तर म्हणतात आम्ही सगळे वाकूनच आत जायचो, म्हणजे कमीचंच माप बरोबर असणार. नक्की कुठलं धरू? असं माप काढता येतं तरी का, की सुतार म्हणतो तेच खरं?

लूमवाला:
ताई मी तुमच्यासाठी म्हणून असलाच एक दुसरा फोटो एआयला दिला, आमच्या बाळीवेशीतल्या घराच्या दरवाजाचा, आणि विचारलं उंची सांग बे. लगेच बोलला ६ फूट सव्वाआठ इंच. सव्वा! टेप लावून बघितलं तर सहा फुटाच्या आत आहे. म्हणजे त्याला पण काय कळंना, पण सांगताना मात्र एकदम बँकेतल्या साहेबासारखा ठाम.

आमच्या धंद्यात तर हे रोजचंच हाय. नॅपकिनचा फोटो टाकला की लोक टर्किश टॉवेल समजून ऑर्डर देऊलालेत आणि पार्सल फोडल्यावर शिव्या आम्हाला. खाली माप लिहिलेलं असतंय पण वाचतंय कोण. आता मी फोटोत दहाचं नाणं ठेवतो, ते २७ मिलिमीटरचं असतंय, मोठ्या मालाला पाचशेची नोट ठेवतो, ती १५० बाय ६६. कटकट बरीच कमी झाली. पण तुमच्या फोटोत कुणी नोट ठेवलेली नसणार, त्यामुळं जाणकारांची वाट बघा.

टेपपट्टी:
मी साइटवर असतो, जुन्या बांधकामांची ड्रॉइंग करायचं काम बऱ्याचदा येतं, त्यामुळे या भानगडीत पडलेलो आहे. माप काढता येतं. फक्त तुम्ही दोन्ही वेळा जे केलंत त्यात एक गोष्ट धरलेली आहे जी फोटोत खरी नाहीये, ती म्हणजे बाबा, सायकल आणि दरवाजा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत.

फोटोत वस्तू किती मोठी दिसणार हे तिच्या खऱ्या मापाला अंतराने भागलं की ठरतं. कॅमेऱ्यापासून दुप्पट लांब गेली की निम्मी दिसते. बाबा पायरीखाली म्हणजे दरवाजापासून दोन-तीन फूट पुढे, कॅमेऱ्याच्या जवळ, त्यामुळे ते दरवाजाच्या मानाने मोठे दिसणार आणि त्यांच्यावरून काढलेला दरवाजा लहानच निघणार. उजनीच्या बॅकवॉटरला मासा धरलेले फोटो बघा, हात पार ताणून मासा कॅमेऱ्याच्या तोंडाशी आणलेला असतो, दोन किलोचा मासा दहा किलोचा वाटतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पंधरा फुटी अजगरांची निम्मी लांबी पण तिथूनच येते, काठीवर अडकवून पुढे धरलेला असतो आणि काठी धरणारा माणूस मागे. तुमच्याकडे तोच खेळ कुणी मुद्दाम न करता झालाय.

सायकल दरवाजाच्या जास्त जवळ आहे म्हणून ते उत्तर जास्त बरं आहे. पण तीही थोडी पुढेच आहे. भिंतीला टेकवलेल्या सायकलचं चाक भिंतीपासून काही इंच बाहेर असतं आणि वाड्याच्या जाड भिंतीत चौकट अजून थोडी आत बसवलेली असते. म्हणजे ५ फूट ७ इंच हे कमीत कमी. दरवाजा त्याहून मोठाच असणार, लहान असू शकत नाही. ४ फूट १० विसरून जा.

आता तीन गोष्टी सांगा. एक, चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजू वेगवेगळ्या मोजा, डावी किती पिक्सेल आणि उजवी किती. दोन, त्या दोन उभ्या रेषा फोटोत एकमेकींना समांतर आहेत का वर जाऊन जवळ येतायत. जवळ येत असतील तर कॅमेरा वर रोखलेला होता आणि मग हिशोब वाढतो. तीन, सगळ्यात महत्त्वाचं, त्या दरवाजाचं काहीही शिल्लक आहे का? कडी, कोयंडा, बिजागरी, कवाडाची फळी, काहीही. कारण जे दरवाजाच्याच पातळीत होतं त्याच्यावरून काढलेलं माप बाकी सगळ्यांपेक्षा भरवशाचं.

नॅरोगेज:
सायकलबद्दल थोडं बोलतो. २२ इंची, २४ इंची सायकल म्हणतात ते फ्रेमचं माप, चाकाचं नाही. चाक दोन्हीला सहसा २८ चंच, टायरवर २८ गुणिले दीड असं छापलेलं असायचं. २६ च्या चाकाच्या पण सायकली होत्या, म्हणून भावाला विचारा त्याला २८ नक्की माहीत आहे का नुसतं ऐकलेलं. फ्रेम आणि चाकाचं प्रमाण बघून पण अंदाज येतो. आणि मोजताना मागचं चाक घ्या. पुढचं हँडल वळलं की तिरकं होतं आणि गोलाचा लंबगोल दिसतो. लंबगोल झालंच असेल तर उभी बाजू मोजायची, आडवी आखडते, उभी आखडत नाही. टायरमध्ये हवा आहे का तेही बघा, बसलेलं टायर खालून चपटं दिसतं.

मी जुन्या रेल्वे फोटोंच्या नादात आहे आणि आमच्याकडे याबाबतीत चैन आहे, कारण फोटोत फूटपट्टी आयतीच पडलेली असते. रूळ. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आणि आपली जुनी बार्शी लाइट रेल्वे होती ७६२, बरोब्बर अडीच फूट. कुर्डुवाडीचा एखादा जुना फोटो मिळाला की इंजिनाच्या पुढच्या बफरजवळ रुळांमधलं अंतर मोजायचं आणि इंजिनाची रुंदी काढायची. पण अट तीच जी वर टेपपट्टी म्हणतात, इंजिन जिथे उभं आहे तिथलेच रूळ मोजायचे. फोटोच्या खालच्या कडेला म्हणजे फोटोग्राफरच्या पायाजवळ रूळ ऐसपैस दिसतात, तिथले मोजले तर इंजिन खेळण्यातलं निघतं.

कसब्यातली:
बापरे, एवढं डिटेलमध्ये उत्तर येईल वाटलं नव्हतं. चाक २८ चंच आहे, बाबांना विचारलं, ते तर टायरचा ब्रँड पण सांगायला लागले. मी मागचंच मोजलं होतं.

चौकट परत मोजली. डावी ९८५, उजवी ९३०. उभ्या रेषा समांतर आहेत, फूटपट्टी लावून बघितली. आणि शिल्लक म्हणाल तर कडी-कोयंडा माझ्याकडेच आहे, आईने ट्रंकेत ठेवला होता. कडी साधारण ४ इंच. आणि आत्ता काकांना फोन केला तर ते म्हणाले गणेशपट्टी मोहोळला शेतातल्या घरात पडून आहे, चुलत भाऊ तिच्यावर खताची पोती ठेवतो!! बाबांना सांगितलेलं नाही अजून.

रंधा:
पट्टी आहे म्हणल्यावर काम झालं की ओ ताई. आमचं घराणंच सुतारकीचं, मी स्वतः आता मशीनवर काम करतो पण वडलांच्या हाताखाली जुन्या चौकटी उतरवलेल्या आहेत, त्यावरून दोन गोष्टी सांगतो.

चुलत भावाला नुसतं "पट्टी मोज" म्हणून सांगू नका. जुन्या चौकटीची वरची पट्टी आणि खालचा उंबरा हे उभ्या खांबांपेक्षा लांब ठेवायचे, दोन्हीकडची टोकं भिंतीत गाडायची म्हणजे चौकट हलत नाही. ती टोकं फोटोत दिसणारच नाहीत. अख्खी पट्टी मोजली आणि ती फोटोतल्या पट्टीला लावली तर सगळा घोळ. लाकडावर बघायला सांगा, जेवढा भाग बाहेर होता त्याच्यावर तेलपाण्याचा हात, ऑइलपेंट, धुराचा काळपटपणा काहीतरी असतं आणि भिंतीतला भाग कोरा, चुना लागलेला असतो. त्या रेषेपासून त्या रेषेपर्यंत टेप धरायचा.

दुसरं, तुम्ही ९८५ कुठून कुठपर्यंत मोजलंय? पट्टीच्या वरच्या कडेपासून उंबऱ्याच्या खालपर्यंत, का मधली मोकळी जागा? आम्ही बाहेरून माप आणि आतून माप वेगळं धरतो आणि जुन्या चौकटीत या दोन्हीत भरपूर फरक असतो, कारण लाकूड जाड. काका वाकून जायचे ते आतल्या मापामुळे, बाहेरच्या नाही. सुतारानं माप मागितलं तर तो पण आधी हेच विचारणार.

कडीचं म्हणाल तर कडी जपून ठेवा, नवीन दरवाजाला तीच लावा. पण मापाला तिचा उपयोग कमी.

टेपपट्टी:
+१, कडीबद्दल. ४ इंचाची कडी तुमच्या स्कॅनवर पन्नास-पंचावन्न पिक्सेल भरेल, जुन्या प्रिंटवर कडा धूसर असतात, मोजण्यात दोन पिक्सेलचा घोळ झाला तरी तो जवळपास चार टक्के, आणि दरवाजाच्या उंचीवर चार टक्के म्हणजे अडीच-तीन इंच. पट्टीवर तेच दोन पिक्सेल काहीच नाहीत. मोजायची वस्तू जेवढी मोठी असेल तेवढी फूटपट्टी पण लांबच पाहिजे.

अजून एक काम सांगतो, उत्तर कसब्यात जाऊन या. वाडा नसला तरी बोळ असेलच ना? फोटो कुठून काढला असेल ते बाबांना विचारा आणि तिथून दरवाजाच्या जागेपर्यंत अंतर मोजा, पावलांनी मोजलं तरी चालेल.

लूमवाला:
खताची पोती 😂 ताई आधी पट्टी घरी आणा, माप मागून घ्या.

कसब्यातली:
झालं सगळं. पट्टी घरी आणली, बाबा तिच्याजवळच बसून आहेत, बदाम तेल लावत. अख्खी ४ फूट ६ इंच, पण रंधा दादा म्हणाले तसं दोन्ही टोकांना कोरं लाकूड आहे, चुना पण आहे, आणि मधला ऑइलपेंटचा भाग बरोबर ३ फूट ६ इंच. फोटोत तेवढा भाग ५५३ पिक्सेल आहे. फोटो समोरच्या घराच्या ओट्यावरून काढला होता असं बाबा म्हणतात, तो ओटा अजून आहे, तिथून आमच्या जुन्या भिंतीपर्यंत १६ फूट. आणि हो, मी बाहेरून माप घेतलं होतं, पट्टीच्या वरच्या कडेपासून उंबऱ्याच्या खालपर्यंत. पट्टीची जाडी ७५ पिक्सेल आणि उंबरा ५६.

पट्टीवरून सरळ भागाकार केला तर दरवाजा ६ फुटाच्या जरा वर येतो. परत तिसरंच उत्तर!

टेपपट्टी:
तिसरं उत्तर येणारच होतं, आणि ते आलं हे चांगलं झालं. सायकलवरून आलेलं माप कमीत कमी होतं, पट्टीवरून आलेलं जास्तीत जास्त आहे. कारण फोटो बाजूने काढलाय. डावी चौकट ९८५ आणि उजवी ९३०, म्हणजे उजवी बाजू कॅमेऱ्यापासून साधारण सहा टक्के लांब. दरवाजा कॅमेऱ्याला तिरका असला की रुंदी आखडते पण उंची आखडत नाही. आखडलेली पट्टी फूटपट्टी म्हणून वापरली की उंची फुगते. खरं माप ५ फूट ७ आणि तुमच्या त्या ६ फुटाच्या जरा वरच्या आकड्याच्या मध्येच कुठेतरी आहे एवढं तर गणित न करताच कळलं.

आता दहावीचं भूमितीचं पुस्तक आठवा. १६ फुटाचे सहा टक्के म्हणजे साधारण ११ इंच. म्हणजे ४२ इंच रुंदीत उजवी कड डावीपेक्षा ११ इंच मागे गेलेली आहे. काटकोन त्रिकोण झाला, कर्ण ४२, एक बाजू ११, पायथागोरसने दुसरी बाजू ४०.५. कॅमेऱ्याला ४२ नाही, ४०.५ इंच दिसले. ५५३ ला ४०.५ ने भागा, एका इंचाला १३.६५ पिक्सेल. हा भाव दरवाजाच्या मधोमधचा आहे, म्हणून उंची पण मधली घ्यायची, ९८५ आणि ९३० ची सरासरी ९५७. भागाकार ७०. म्हणजे ५ फूट १० इंच, बाहेरून.

१६ फूट मोजण्यात एखाद्या फुटाचा फरक पडला असेल तरी उत्तर अर्ध्या इंचाच्या आत-बाहेरच राहतं, मी १७ धरून पण करून बघितलं. आणि सायकलशी ताळा जमतो. ५ फूट १० खरं धरलं तर चाक चौकटीच्या साधारण सात इंच पुढे येतं, टेकवलेल्या सायकलला आणि आत बसवलेल्या चौकटीला ते अगदी बेतशीर आहे. दोन वेगळ्या वाटांनी आलेलं उत्तर एकमेकांना धरून असलं की मी त्याच्यावर सही करतो, एका वाटेने आलेल्यावर नाही.

क्लिक थ्रीच्या साध्या भिंगामुळे फोटोच्या कडेला रेषा थोड्या वाकतात. दरवाजा मधोमध आहे म्हणून मी ते सोडून दिलंय, कोपऱ्यात असता तर सोडलं नसतं.

नॅरोगेज:
मस्त. फोटोवर अक्षरं कुठे आहेत का पण बघून घ्या. निगेटिव्ह उलटी धरून प्रिंट काढलेले फोटो मी ढिगाने बघितलेत, त्यात सगळं डावं-उजवं होतं. माप बिघडत नाही पण कडी भलत्याच कवाडाला जाऊन बसेल.

रंधा:
आतलं माप मीच करून टाकतो. डाव्या खांबावर ९८५ म्हणजे ७० इंच, म्हणजे इंचाला १४ च्या आसपास. पट्टी सव्वापाच इंच, उंबरा ४ इंच. ७० मधून ते वजा केले की मोकळी जागा राहते साधारण ५ फूट १ इंच. आता काकांना विचारा वाकायचे का नाही. साडेपाच फुटी माणूस वाकल्याशिवाय जाणारच नाही त्यातून. पट्टी हातात आहेच, टेप लावून जाडी बघा, सव्वापाच भरली तर सगळा हिशोब बरोबर.

पण खरी गोम पुढे आहे ताई. कॉन्ट्रॅक्टरनं जुळे सोलापुरातल्या घराला दरवाजाची जागा किती सोडलीय? नेहमीप्रमाणे ७ फुटी सोडली असणार. तिथं ही चौकट बसवायची तर सुतार म्हणेल थोडी ताणून ७ फूट करू. ते करू देऊ नका. उंची ताणली आणि रुंदी तेवढीच ठेवली की तो दरवाजा कपाटासारखा दिसतो, आणि दोन्ही ताणलं तर तुमची जुनी गणेशपट्टी तोकडी पडणार. वर जे फूटभर उरेल तिथं लाकडी जाळी घाला, खाली चौकट आहे त्या मापात. किंवा उंबरा दीड इंचाचा करून आतली उंची थोडी वाढवा, बाहेरून कुणाला कळणार पण नाही आणि तुमच्या पाहुण्यांची डोकी वाचतील. हा निर्णय बाबांचा. गणित यात काही सांगणार नाही.

आणि लाकूड घ्यायच्या आधी सुताराकडून साध्या प्लायवर किंवा पुठ्ठ्यावर पूर्ण मापात चौकट आखून घ्या, भिंतीला उभी करा आणि समोर १६ फुटावर उभं राहून मोबाइलनं फोटो काढा, बाबा पण त्याच जागी उभे करा. जुना फोटो शेजारी ठेवून बघा. चौकटीची भिंतीतली खोली मात्र फोटोवरून नाही मिळायची, ती पट्टीची मोजून घ्या, खांब पण तेवढेच असणार.

कसब्यातली:
पट्टीची जाडी मोजली, सव्वापाचला किंचित कमी. खोली ४ इंच. फोटो उलटा नाहीये, शेजारच्या दुकानाची पाटी सरळ वाचता येतेय. जागा ७ फुटीच सोडलीय कॉन्ट्रॅक्टरने, बरोबर ओळखलंत. उंबऱ्याचं बाबांना विचारलं तर म्हणाले दीड इंचाचा उंबरा म्हणजे काय उंबरा आहे का, ४ चाच पाहिजे. आई म्हणतेय मग गुडघेदुखीवाल्यांनी मागच्या दाराने या. हा वाद घरात चालू आहे, जाळीचं मात्र सगळ्यांना पटलंय. सुतार रविवारी येतोय, प्लाय आणून ठेवलाय.